अश्लेषासाठी राखलेला माग

मिलान, ६ एप्रिल २०२५

चि. सत्यवतीस गोपाळदादाचे अनेक आशीर्वाद.

नात अश्लेषाकडे सुखरूप पोचलो. या पत्राचा फोटो तुझी सून मेघा वाचून दाखवेल.

इथली माणसं दूध आणायलाही लग्नाला निघाल्यासारखी नटून निघतात. काचेआड एकच कोट टांगलेला, देवघरातल्या मूर्तीसारखा! मोठ्या चर्चसमोर कबुतरं उडाली आणि चौथीतली कविता ओठांवर आली. चालीवर म्हणू लागलो, पण दुसरं कडवं काही आठवेना.

तुझं काम विसरलो नाही. शिक्षण संपल्यावर कामठीला येऊन अश्लेषा तुझा हातमाग चालवेल का, हे विचारायचंच आहे. पण पोर इतकी आनंदात असते की जीभ उचलत नाही.

प्रकृतीस जप.

तुझा,
गोपाळदादा

कामठी, ९ एप्रिल

ती. दादास सत्यवतीचा सा. न. वि. वि.

तू तिथं कबुतरं पाहून राहिला काय गा? वहिनी असती तर पहिल्याच दिवशी विचारून मोकळी झाली असती.

इकडे माझा रजत रोज म्हणते, आई, मागाची खोली रिकामी कर. शेजारची भावना मागासाठी तिसऱ्यांदा येऊन गेली. पोरीचा हात चांगला आहे, पण मी सांगितलं, माग अश्लेषाचा आहे. मांडीवर बसवून आडव्या धाग्याचा धोटा फेकायले शिकवलं मी तिले. काय ते एकदा कळव.

थंडीत कानटोपी घालत जा.

तुझी,
सत्या

मिलान, १३ एप्रिल

चि. सत्यास अनेक आशीर्वाद.

काल अश्लेषानं एका भारी दुकानात नेलं. शाल दिसली आणि माझा हात कामठीचाच निघाला. घडी मोडून आधी उलटी बाजू पाहिली, काठ नखानं खरवडला. दुकानातली बाई धावत आली, मी घाबरलो. अश्लेषा मात्र हसत सुटली. म्हणाली, आजोबा, मीही कापडाच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच केलं. त्यावरूनच शिकवणाऱ्या बाईंनी मला त्यांच्या विणकामाच्या कारखान्यात घेतलं.

तेव्हा विचारूनच टाकलं. तीन वर्षं तरी तिला इथलंच काम आहे वं. येईन म्हणून तुला झुलवणं तिला नको. भावनाला माग द्यावा, असं तीच म्हणाली, आणि रडली.

रागावू नकोस. तिच्यावरची माया कमी करू नकोस.

गोपाळदादा

कामठी, १६ एप्रिल

ती. दादास सा. न.

तुझं पत्र ऐकून दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आज सकाळी भावनाले हाक मारली. बसल्याबरोबर तीन धागे तोडले तिनं! मी अशी ओरडली, का रजत बाहेरून धावत आला. म्हणे, आई, किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला. खोलीचं काही बोलला नाही.

अश्लेषाले सांग, आजीनं भावनाले उद्या लवकर बोलावलं आहे.

तिच्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझी,
सत्या