खाडीचा मुख्य गाईड

३ जानेवारी, शुक्रवार
सूनबाई मनस्वी आता दर रविवारी मुंबईची माणसं आणून पेणच्या खाडीतले पक्षी, आमचं बंद पडलेलं मिठागर आणि कातकरवाडी दाखवणार. गाईड म्हणून वाडीवरची सगुणा. ती जन्मभर खेकडे धरत आली. मी त्याच मिठागरावर बत्तीस वर्षं मुकादम, हाताखाली चाळीस माणसं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं तरी नाहीच म्हणणार आहे.

४ जानेवारी
विचारलं नाही. म्हणून मीच सांगितलं, गाईड मी. मनस्वी म्हणाली, बाबा, तुमचे गुडघे. माझ्या गुडघ्यांशी हिचा काय संबंध? मुलगा निलेश धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट करून आला, तिला म्हणाला, जाऊ दे गो एकदा, नायतर आठवडाभर जेवायचे नाय. साफ खोटं. फार तर चार दिवस.

५ जानेवारी, पहाटे ५
तयारी पूर्ण. पांढरा सदरा, बीपीची गोळी, कोणी चिखलात रुतलं तर दोरी, मुकादमकीची शिट्टी. पक्ष्यांची नावं पाठ: पांढरा बगळा, काळा बगळा, मोठा बगळा. बाकीचे त्यातच येतात.

दुपारी
अकरा माणसं. एक बाई बांधाच्या फार कडेला गेली. बुडाली असती तर नाव माझं. शिट्टी मारली. समोरचे दोनेकशे गुलाबी रोहित पक्षी उडाले ते दिसेनासे झाले. एक दाढीवाला म्हणाला, यासाठी मी तीनला उठलो. मी म्हटलं, मीसुद्धा. सगुणा पदरात हसत होती. म्हणे, मुकादम, शिट्टी ऐकून मलाबी वाटला फावडा उचलावा. मग तिने खेकड्याचं बीळ दाखवलं. सगळे वाकून बघत बसले. मुंबईहून बीळ बघायला आले.

११ जानेवारी
मनस्वी म्हणते, उद्या घरी आराम करा. शिट्टी सापडत नाही. निलेशवर संशय. या लोकांशी माझा संबंध संपला. उद्या पाहुण्यांकडे बघणारसुद्धा नाही.

१२ जानेवारी
बघितलं नाही. मुद्दाम जुनी अर्धी चड्डी घालून, उघड्या अंगाने ओटीवर बसलो, पाय गरम पाण्यात. तर सगळे तिथेच गोळा. पायांच्या भेगांचे फोटो काढायला लागले. मी झापलं. म्हटलं, बत्तीस वर्षं खारात उभे राहा, मग काढा फोटो. जमीन पायांनी तुडवून कशी कडक करतात, एका अवकाळी सरीत महिन्याचं मीठ कसं विरघळतं, सगळं सुनावलं. पाऊण तास. एकही उठला नाही. निर्लज्ज.

१८ जानेवारी
मनस्वीचा उद्याचा कागद वाचला. सकाळी ७, खाडी, मार्गदर्शक सगुणाताई. दुपारी ४, जुन्या मिठागर कामगारासोबत चहा. रागावतात, घाबरू नये.
मला बघण्याची वस्तू केली. त्यात मुकादम नाही, कामगार. उद्या सकाळच्या गाडीने रोह्याला काशीबाईकडे. बहीण तरी मान ठेवते. पिशवी भरली.

१९ जानेवारी, दुपारी ३.३०
गाडी चुकली. मनस्वीने विचारलं, खुर्ची अंगणात ठेवू का. ओटीवर म्हटलं, तिथे उजेड बरा पडतो. पाणी तापतंय. पांढरा सदरा घालून बसलो होतो. सगुणा डोकावली. म्हणे, सदरा काढा, मुकादम, तलाठी दिसताव.
काढला.