पनामाची उतरणीची बाजू

फ्रिस्को, मंगळवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही ठीक आहोत. फोनवर बाबांचा विषय निघाला की मला बोलवत नाही, म्हणून ईमेल लिहिते.

दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा तू म्हणालास, "बाबा, सावनीचा पनामा कालवा शरयू पूर्ण करील." कावळा लगेच आला. व्हिसापायी मी तिथे नव्हते, पण मला विचारायचंस तरी.

मॉडेल शुक्रवारी शाळेत द्यायचंय. जहाज पाण्याच्या पायऱ्यांनी तळ्यात चढतं आणि पलीकडे समुद्रात उतरतं, हे बाबांनीच तिला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. चढणीची बाजू कागदावर काढून त्याचा फोटोही पाठवला. मी पायऱ्यांची प्लास्टिकची दारं सरळ लावली, ती गळली आणि तीनदा स्वयंपाकघर पुसलं.

"आई, ड्रॉइंग बघ ना. इट्स अ व्ही," सावनी म्हणाली.

टोक वरच्या पाण्याकडे करून दारं लावली, तर पाण्याच्या दाबानेच ती घट्ट मिटली. पाटबंधारे खात्यात बाबांनी पस्तीस वर्षं उगाच नाही काढली.

आता जहाज तळ्यात अडकलंय. उतरणीचा कागद इथे नाही. इंटरनेटवरचा घेऊ म्हटलं, तर सावनी ऐकत नाही. "आजोबांनी काढून ठेवलाय, ही टोल्ड मी."

आई नीट जेवते का? दुपारी तिच्याजवळ कोण असतं?

तू बाबांच्या टेबलाचे खण आवरायला काढलेस, असं ती म्हणाली. तो कागद सापडेपर्यंत रद्दी देऊ नकोस. सापडल्यावरही देऊ नकोस.

तुझी,
शरयू