फडताळाची किल्ली

वहिनी,

खाण्याच्या फडताळाची किल्ली शोधत बसू नका, ती घेऊन मी आत्याकडे चालले आहे. रविवारी येईन. कुलूप फुटायचं नाही, तुम्हीच मजबूत निवडलंत.

दादाचं काम सुटलं तेव्हा ते लावलंत. त्याला काम मिळालं, तरी काढलं नाहीत. उद्या खायला मिळेल की नाही या धास्तीने, तुम्ही फडताळ उघडलंत की मी पोट भरलेलं असतानाही गिळत राहिले आणि फुगले. मग चारचौघांत तुम्हीच हसलात, "नणंदबाईंच्या तोंडाला कुलूप नाही!"

आता चार दिवस तुम्ही त्या धास्तीत राहून बघा. अगदीच धीर सुटला तर माझ्या शिवणाच्या डब्यात, रिळांखाली, चार बिस्किटं आहेत. दोन घाईघाईने खाल आणि दोन दादापासूनही लपवून ठेवाल. मग मला खुशाल जाडी म्हणा.