शंभर टक्के हजेरी

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची बेंगळुरूत. मी आणि माझी देवश्री, वय वर्षं नऊ. तिचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आता आम्ही दोघीच एकमेकींच्या. इलेक्ट्रॉनिक सिटीत खोली मिळाली, आणि देवश्रीला कंपनीच्याच शाळेत प्रवेश. काम मजेशीर आहे. गावभर फ्लूची साथ, म्हणून सकाळी ऑफिसच्या दारात उभं राहून साठ जणांच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखायचं. ताप दिसला की घरी पाठवायचं. साहेब वेणुगोपाल गोड बोलतात. लिफ्टसमोर भलामोठा फलक आहे: या मजल्यावर सलग ५१२ दिवस एकही रजा नाही.

५ नोव्हेंबर
ताप सोडा, कुणी शिंकतसुद्धा नाही. यंत्र प्रत्येकाला नुसत्या दोन रेघा दाखवतं. सेल संपले असणार. साहेब म्हणाले, स्वल्प ॲडजस्ट करा, सगळ्यांचे अठ्ठ्याण्णव लिहा. लिहिले. पण मनाला काही पटलं नाही.

१० नोव्हेंबर
शनिवारी जयनगरहून स्वतःच्या पैशाने नवं यंत्र आणलं. माझे ९८.४, देवश्रीचे ९८.२. ऑफिसात साठही जणांना रेघा. चहा घेताना शेजारच्या रूपश्रीचा हात लागला. फ्रिजमधल्या तांब्यासारखा गार.

११ नोव्हेंबर
शेवटी रूपश्रीला विचारलंच. तिने हसत सांगितलं, मागच्या वर्षी फ्लू आला तेव्हा मजल्यावर सगळेच तापले होते. फलक आपल्यामुळे मोडायला नको म्हणून एकही जण घरी थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचा ताप एकदम उतरला. तेव्हापासून भूक नाही, झोप नाही. किती बरं, म्हणाली.

१२ नोव्हेंबर
राजीनामा लिहिला. साहेब म्हणाले, जा की, मग मुलीचं नावही शाळेतून कट होईल. वर्षाच्या मध्यात तिला कोण घेणार? कागद फाडला.

१३ नोव्हेंबर
अंग फणफणलंय. १०३. दुसरं कुणी असतं तर मीच दारातून परत पाठवलं असतं. साहेबांचा फोन आला, रजा घेतलीत तर शाळेचं बघा. दोन गोळ्या घेतल्या आणि गेले. चुकलंच माझं.

१४ नोव्हेंबर
एकदम बरं वाटतंय. भूक नाही. यंत्र कपाळाला लावलं—रेघा. पुन्हा लावलं. सेल तर नवे आहेत.

१७ नोव्हेंबर
दोन दिवस देवश्रीला जवळ घेतलं नाही. तरी सकाळी ताप. १०३. झोपून राहा म्हटलं, हात जोडले. ऐकत नाही. त्यांच्या वर्गातही फलक आहे म्हणे. आई, तूपण तापात गेलीसच ना, म्हणाली—
बूट घालतेय. हात धरला तर किंचाळली, गार लागतो म्हणून. दाराला कुलूप घातलंय. किल्ली माझ्या पर्समध्ये.
गोळ्या दोन कमी दिसतायत.
देवश्रीचा आवाज नाही. पर्स उघडी, किल्ली नाही—दार—