चादरीची दुसरी दोन टोकं

प्रिय धाकट्या,

मी सुन्न झालेय. आज आमच्या लाँड्रीत जे घडलं ते इथे कुणाला सांगायची सोय नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, निदान पत्र तरी फोडशील.

आमच्याकडे चादरींना इस्त्री करणारी एक बाई आहे, तिचं नाव मीच नकारघंटा ठेवलंय. हॉटेलातून चादरी आल्या की ही आधी डाग दाखवणार, इस्त्री तापली की जास्तच तापली म्हणणार. सुपरवायझर म्हणून मला तिची कटकट नकोशी झाली होती. हिच्यामुळेच सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात, असं मी मालकांच्या डोक्यात भरवलं आणि कामावरच्या कुरकुऱ्या माणसांना सुधारणाऱ्या एका प्रशिक्षक बाईंना बोलावून घेतलं. मनातून खूश होते, आता हिची खोड मोडणार!

बाईंनी आम्हाला गोल उभं केलं. म्हणाल्या, डोळे मिटा आणि ज्या माणसामुळे सकाळी कामावर यायला पाय निघत नाही, त्याच्याकडे बोट करा. मी मोठ्या उत्साहाने नकारघंटेकडे बोट केलं. मग बोटं तशीच ठेवून डोळे उघडायचे होते. अरे, सगळी बोटं माझ्याकडे! मशीनवाला, पॅकिंगच्या मुली, माझ्याशी रोज गोड बोलणारा ड्रायव्हरसुद्धा. एकटी नकारघंटा हाताची घडी घालून उभी होती. माणसांकडे बोटं दाखवण्याचा असला खेळ म्हणे तिला पटत नव्हता.

काहीतरी करायचं म्हणून मी एक मोठी चादर उचलली. तिची घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं. कुणी जागचं हललं नाही. शेवटी नकारघंटाच आली आणि चादर नीट वाळलेलीच नाही असं पुटपुटत तिने दुसरी दोन टोकं धरली. घडी घालताना आम्ही समोरासमोर आलो, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, कुणी काही सांगायला आलं की तुमच्या तोंडून पहिला शब्द 'पण' निघतो. मी कुरकुरते चादरींवर, तुम्ही माणसांवर. उद्यापासून आधी 'बरं' म्हणून बघा, म्हणाली. मला तिथेच रडू कोसळलं.

घरी येताना तुझा शेवटचा फोन आठवला. नोकरी सोडून सायकलदुरुस्तीचं दुकान काढतोय, उद्घाटन ताईनेच करायचं, हे तू किती आनंदाने सांगत होतास. आणि मी 'पण' म्हटलं. पुढे काय काय बोलले ते तुला पाठ असेल. तू आज त्या रिंगणात असतास तर तुझं बोट कुणाकडे असतं, हे विचारायची माझी हिंमत नाही. त्या दिवशी द्यायचं राहून गेलेलं उत्तर तेवढं देते, त्यासाठीच हे पत्र. बरं. दुकान कधी उघडतोस? मी येते.

तुझीच,
ताई