गाडीच्या खणात सापडलेलं पत्र

ऑरिन,

माझी गाडी सुरू होईना, म्हणून तुझी पिकअप घेऊन फार्गोला चालले आहे, खासदारांच्या कचेरीत. सकाळी त्यांचा फोन आला होता. आपल्या मरेनला नौदल अकादमीसाठी त्यांची शिफारस हवी असेल, तर अर्ज आज पाचपर्यंत पुरा व्हायला हवा, आणि गणिताच्या बाईंचं पत्र अजून पोचलेलं नाही. तू तर मंगळवारी जेवताना म्हणालास, "अगं, कालच टाकलं की पोस्टात!" ते आत्ता तुझ्या गाडीच्या खणात सापडलं. पाकिटावर तिकीटही लावलेलं आहे, म्हणजे पोस्टाच्या दारापर्यंत गेला असशील.

गेल्या वर्षीही एक पत्र पोचलं नाही म्हणूनच अर्ज बाद झाला. तेव्हा मी बिचाऱ्या पोस्टमनला नको नको ते बोलले, आणि तू शेजारी उभा राहून मान डोलावत होतास. आज मला त्या मान डोलावण्याचाच संशय येतोय.

तुझा भाऊ नौदलाच्या जहाजावरून कसा परत आला, ते मी विसरलेली नाही. पण पोरगी पहाटे बर्फात धावायचा सराव करून आली की तू विचारतोस, "काय कॅप्टन, पाय गारठले का?" तेव्हा किती खरा वाटतोस रे!

मरेन चारच्या बसने कॉलेजातून येईल. ओव्हनमध्ये बटाटा-खिमा आहे, तो तिला गरम वाढ. मी तिला काही सांगितलेलं नाही, ते तुझं काम. भीती वाटली म्हणालास तर ती ऐकून घेईल, मीही घेईन. विसरलो असं मात्र म्हणू नकोस.

सिग्ने