न टाइप केलेली चार पानं

दादा,

तुझ्या भयकादंबरीची चाळिसावी आवृत्ती आली. काल रेडिओवर प्राध्यापकबाई म्हणाल्या, "हे पुस्तक टिकलं, कारण कोंडलेल्या मुलीचं दार शेवटपर्यंत उघडत नाही." त्यावर तू म्हणालास, "तो शेवट मला आपोआप सुचला."

सुचला म्हणे! तुझ्या हस्तलिखितात भाऊ धावत येतो, कुलूप काढतो, बहिणीला कडेवर घेतो. तुझं सगळं लिखाण मीच टाइप करायचे. ती शेवटची चार पानं मी केलीच नाहीत. पुस्तक छापून आल्यावर तू एका शब्दानं विचारलं नाहीस. पुरस्कार मात्र आयत्या बिळावरच्या नागोबासारखा घेत राहिलास.

बाबांनी मला माळ्यावरच्या खोलीत कोंडलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. किल्ली त्यांनी तुझ्याकडे दिली होती. दाराखालच्या फटीतून मला तुझे पाय दिसत होते, आणि मी कितीही दार बडवलं तरी ते जागचे हलले नाहीत.

कल्पनाशक्ती कसली, दादा! अख्ख्या पुस्तकात ते बंद दार तेवढं खरं आहे, म्हणून लोक अजून घाबरतात.

हे पत्र त्या चार पानांसोबत खणात ठेवते. या वेळी किल्ली माझ्याकडे राहील.

दाराच्या आतून,
तुझी धाकटी